निम्मी वीज कोळशाविना, मग कोळशाच्या मालगाड्या कमी का होत नाहीत?

निशिगंध

आईचं घर वर्ध्याजवळ, रुळांना लागून आहे. दिवाळीत तिथे होतो तेव्हा मुलीने गच्चीवरून मालगाडीचे डबे मोजले. ५८ भरले. सगळ्यांत कोळसा. थोड्या वेळाने दुसरी गाडी आली, तीही कोळशाचीच. मुलगी आठवीत आहे. म्हणाली, "आई, बाई तर सांगत होत्या की आपल्याकडे आता निम्मी वीज कोळशाशिवाय होते. मग हा एवढा कोळसा चाललाय कुठे?"

मला काही सांगता आलं नाही. घरी येऊन शोधत बसले आणि जास्तच गोंधळले, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. जून २०२५ मध्ये देशातल्या एकूण ४८५ गिगावॅटपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाली. म्हणजे सौर, पवन, जल, अणू वगैरे. हे उद्दिष्ट २०३० सालचं होतं, ते पाच वर्षं आधी गाठलं. आणि २०२४-२५ या वर्षात देशातलं कोळशाचं उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या पुढे गेलं.

या दोन बातम्या एकाच देशाच्या कशा? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं. मला हे आठवीतल्या मुलीला समजावायचं आहे.

वाचनवेडी

छान प्रश्न. वाचते आहे.

पन्नास_हर्ट्झ

तीस वर्षं भारप्रेषण केंद्रात (कुठल्या केंद्राने कधी किती वीज करायची ते ठरवणारी जागा) काढली, आता निवृत्त आहे. प्रयत्न करतो.

निशिगंधताई, सगळी गोम "क्षमता" या शब्दात आहे. निम्मी *क्षमता* कोळशाविना आहे, निम्मी *वीज* नाही. मुलीला असं सांगा. एक किलोवॅटचं सौर पॅनेल आपल्याकडे दिवसाला साधारण ४ युनिट देतं. रात्री शून्य, ढग आले की कमी. कोळशाच्या केंद्रातला एक किलोवॅट दिवसाला १६ युनिटच्या आसपास देतो, कारण तो रात्रीही चालतो. दोघांची क्षमता कागदावर सारखीच, एक किलोवॅट. पण मीटरवर पडणारे युनिट चौपट.

म्हणून क्षमतेचं पारडं निम्मं-निम्मं झालं तरी प्रत्यक्ष निर्मितीत २०२४-२५ मध्ये कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांहून जास्तच होता. शाळेत "वीज" म्हणून जे सांगितलं गेलं ते खरं तर "क्षमता" होतं. बाईंची चूक नाही, वर्तमानपत्रंही रोज हीच गल्लत करतात.

गणिताची_वही

पन्नास_हर्ट्झ सरांच्या उत्तराला जोडून त्या ५८ डब्यांचा हिशेब. मुलीला आवडेल म्हणून मांडते.

एका गाडीत साधारण ४,००० टन कोळसा. आपल्या कोळशात राख फार, त्यामुळे एका युनिटला ७०० ग्रॅमच्या आसपास लागतो. म्हणजे एका गाडीतून सुमारे ५७ लाख युनिट. महिन्याला २०० युनिट वापरणारं घर धरलं तर साडेअठ्ठावीस हजार घरांचा एका महिन्याचा उजेड, पंखा आणि फ्रिज त्या एका गाडीत होता. आणि वीजकेंद्रातला ५०० मेगावॅटचा एकच संच पूर्ण भाराने चालला तर अशा दोन गाड्या एका दिवसात संपवतो.

मुलीला विचारा, गच्चीतून पाहिलेल्या दोन गाड्या किती वेळ पुरल्या असतील?

निशिगंध

एका दिवसात दोन गाड्या! हे वाचून दाखवलं तर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि त्या संचाला रविवार नसतो."

राखेचं_गाव

त्या गाड्या जिथे रिकाम्या होतात तिथे मी राहतो. विदर्भात, एका औष्णिक केंद्रापासून चार किलोमीटरवर. केंद्राचं नाव घेत नाही, माझे सख्खे चुलते तिथेच नोकरीला होते आणि आमचं घर त्याच पगारावर उभं राहिलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात कपडे वाळत घालताना आधी वारा कुठून आहे ते बघतात. राखेच्या बंधाऱ्याकडून वारा असेल तर चादरी बाहेर टाकत नाहीत. आजी पापड माडीवर वाळवायची ते बंद करून कित्येक वर्षं झाली. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा साऱ्या राज्याची मागणी वाढते, केंद्र पूर्ण भाराने चालतं आणि नेमकी तेव्हाच राख सगळ्यात कोरडी असते.

देशाचं कार्बन उत्सर्जन मोजताना हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. तो मोजायलाच हवा. पण बंधाऱ्यातली राख आणि नदीतून उचललेलं पाणी त्या आकड्यात येत नाही. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाच्या विजेला पाणी लागतं, हे तेव्हा मराठवाड्याने पाहिलं.

सह्याद्रीवारा

सगळं मान्य, पण मला एका गोष्टीचा राग येतो. जगात उत्सर्जनात भारत तिसरा, असं म्हणून आपल्याला सतत उभं केलं जातं. डोक्यामागे बघा ना! आपलं माणशी उत्सर्जन वर्षाला २ टनांच्या आसपास. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर, चीन ८ च्या वर, अमेरिका १४ च्या आसपास. औद्योगिक क्रांतीपासूनची बेरीज केली तर अमेरिकेचा वाटा सुमारे चौथा हिस्सा आणि आपला चार टक्क्यांच्या आत. ज्यांनी वातावरण भरून टाकलं ते आता म्हणतात, तुम्ही आवरा.

माझ्या आजोळी, खानदेशात, मी लहान असताना चिमणीवर अभ्यास व्हायचा. आता तिथे फ्रिज आहे. तो फ्रिज म्हणजे उत्सर्जन असेल तर असू दे.

राखेचं_गाव

सह्याद्रीवारा, फ्रिजला कोणाचाच विरोध नाही, आमच्याही घरी आहे. पण "माणशी २ टन" ही सरासरी आहे. तीत मुंबईतलं चार एसींचं घर आहे आणि आमच्या मागच्या पाड्यावरचं दोन बल्बांचं घरही. त्या पाड्याच्या गरिबीमुळे तुमची-माझी सरासरी स्वच्छ दिसते. जगाशी भांडताना तो आकडा जरूर वापरा, पण घरात त्याच्या आड लपू नका.

गणिताची_वही

राखेचं_गाव यांना पूर्ण अनुमोदन. विजेच्या आकड्यातही हेच दिसतं. देशाची माणशी सरासरी वर्षाला साधारण १,४०० युनिट. पण गुजरात २,००० च्या वर आणि बिहार ४०० च्याही आत. तिथे मागणी अजून यायचीच आहे, आणि ती यायलाच हवी.

आणखी एक गल्लत होते ती "तीव्रते"ची. भारताने उत्सर्जन ३६ टक्क्यांनी कमी केलं असं वाचलं असेल. ते उत्सर्जन नव्हे, उत्सर्जनाची *तीव्रता*. म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन. २००५ ते २०२० या काळात ते ३६ टक्के कमी झालं आणि २०३० पर्यंत ४५ टक्के कमी करायचं वचन आहे. पण त्या काळात उत्पन्न त्याहून वेगाने वाढलं, त्यामुळे एकूण उत्सर्जन वाढतच गेलं. २००५ च्या तुलनेत आज ते दुपटीहून जास्त आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत. वर्गात मी पोळीचं उदाहरण देते. प्रत्येक पोळीला तूप कमी लावलं, पण पोळ्या तिप्पट केल्या, तर तुपाचा डबा लवकरच संपतो.

पमाकाकू

तुपाचं उदाहरण एकदम पटलं! आता माझा घरगुती प्रश्न. मुलगा म्हणतो गॅस सोडून इंडक्शन घ्या, पर्यावरणासाठी चांगलं. घेऊ का?

पन्नास_हर्ट्झ

पमाकाकू, उत्तर ऐकून मुलगा नाराज होईल.

देशातल्या ग्रिडवरच्या, म्हणजे सामाईक वीजजाळ्यावरच्या, एका युनिटमागे आज साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो. १४.२ किलोचा एक सिलिंडर जाळला की ४२ किलोच्या आसपास. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला ११५-१२० युनिट लागतील, म्हणजे ऐंशी किलोच्या घरात. आजच्या ग्रिडवर गॅसच कमी कार्बनचा. कारण साधं आहे. गॅसची उष्णता थेट पातेल्याला लागते. कोळशाच्या उष्णतेची आधी वीज करायची, त्यात निम्म्याहून जास्त वाया घालवायची, आणि त्या विजेची पुन्हा उष्णता करायची.

स्कूटरचं मात्र उलट आहे. पेट्रोलचं इंजीन इतकी उष्णता फुकट घालवतं की कोळशाच्या विजेवर चार्ज केलेली स्कूटरसुद्धा दर किलोमीटरला निम्म्याच्या आसपास कार्बन सोडते. तेव्हा "विजेवर गेलं की चांगलंच" असं सरसकट म्हणू नये, वस्तू बघून हिशेब करावा.

ऊन_सावली

सर, एक दुरुस्ती सुचवू का? काकूंच्या छपरावर पॅनेल असेल तर हिशेब बदलतो. आमच्याकडे ३ किलोवॅट बसवून दीड वर्ष झालं. सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान मिळालं. बरी बाजू आणि वाईट बाजू दोन्ही सांगते.

उन्हाळ्यात दिवसाला १२-१३ युनिट सहज. जुलै-ऑगस्टमध्ये चार-पाचवरही आलंय. दर पंधरा दिवसांनी धुवावं लागतं, नाहीतर धुळीने उतरतं. नेट मीटर (छपरावरून ग्रिडला दिलेली वीज बिलात धरणारा मीटर) लागायला आम्हाला चार महिने हेलपाटे घालावे लागले, तेवढा काळ छपरावरची वीज नुसती बघत बसलो. पण आता मी दुपारी बारा ते दोन इंडक्शनवर करते. डाळ, भात, उसळी, दुसऱ्या दिवशीचं वाटण, सगळं. सकाळच्या चहाला गॅस.

बांधावरून

शेतकऱ्याच्या बाजूनं बोलतो. तुमचा सगळा हिशेब युनिटचा आहे, आमचा झोपेचा होता.

गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्री. दहाला येणार, सहाला जाणार. बॅटरी, काठी आणि गमबूट घेऊन दारं धरायला जायचं. आमच्या भागात बिबटे आहेत. उसात डोळे चमकले की मोटार तशीच सोडून डीपीजवळच्या खोलीत जाऊन बसायचं. शेजारच्या वस्तीवरचा पोरगा रात्री साप चावून गेला. त्याचं कार्बन उत्सर्जन कुणी मोजलं नाही.

मागच्या वर्षीपासून आमचा फीडर, म्हणजे शेतीला लाईट देणारी लाईन, सौरवर आला. सबस्टेशनजवळच्या पडीक जमिनीवर पॅनेलं लावली आहेत. आता लाईट सकाळी नऊ ते पाच. ढगाळ दिवशी दाब कमी मिळतो, मोटार ओढत नाही, अशी तक्रार आहेच. पण पोरांची आई आता रात्री दाराकडे बघत जागत नाही. माझ्यासाठी सौर ऊर्जा म्हणजे हे.

निशिगंध

बांधावरून दादा, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला. त्या मुलाबद्दल फार वाईट वाटलं.

पन्नास_हर्ट्झ

दादा, तुम्ही लिहिलंत ते तांत्रिकदृष्ट्याही फार मोलाचं आहे. शेतीचं पाणी दिवसाही देता येतं आणि रात्रीही. दशकानुदशकं आम्ही तुमचा भार रात्री ढकलला, कारण दिवसा शहरांना आणि कारखान्यांना वीज लागायची. भारप्रेषणाच्या टेबलावर बसून मीही ते केलं आहे. आता दुपारीच वीज उतू जाते, म्हणून तुमचा भार दुपारी आणणं ग्रिडलाही सोयीचं. सूर्य मावळायच्या आत जे जे काम उरकता येईल ते उरकलं, की संध्याकाळी तेवढा कोळसा कमी लागतो.

देशाची कमाल मागणी ३० मे २०२४ ला २५० गिगावॅटला टेकली. एवढी मोठी मागणीसुद्धा दुपारी भागवता येते, सौर मदतीला असतं. खरी कसोटी संध्याकाळी सात ते अकरा. सौर शून्यावर, आणि घराघरांत दिवे, टीव्ही, एसी एकदम सुरू. कोळशाचा संच दुपारी बंद करून संध्याकाळी पेटवता येत नाही, थंड झालेला संच तापवायलाच कित्येक तास जातात. त्यामुळे दुपारी त्याला निम्म्याच्या जरा वर, ५५ टक्क्यांपर्यंत उतरवून धुमसत ठेवावं लागतं. म्हणजे ऊन रणरणत असतानाही कोळसा जळतो, फक्त संध्याकाळसाठी तयार राहावं म्हणून. आणि २०२५ मध्ये राजस्थानात तयार सौर वीज वाहून न्यायला पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्या आणि ती सोडून द्यावी लागली, हेही झालं.

ट्रेंटकाठी

नॉटिंगहॅमहून. आमच्या गावाबाहेर रॅटक्लिफचं कोळशाचं केंद्र होतं, आठ प्रचंड मनोरे लांबून दिसायचे. ३० सप्टेंबर २०२४ ला ते बंद झालं आणि ब्रिटनची कोळशाची वीज संपली. पहिलं केंद्र लंडनमध्ये १८८२ ला सुरू झालं होतं, म्हणजे १४२ वर्षांनी. इथे २०१२ सालीसुद्धा ४० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच होती. बारा वर्षांत शून्य. तर भारतालाही जमेल, असं मला मनापासून वाटतं.

सह्याद्रीवारा

ट्रेंटकाठी, तुमच्याकडे विजेची मागणीच २००५ नंतर घटत गेली ना? कारखाने बाहेर गेले आणि त्यांचं पोलाद आता दुसऱ्या देशात कोळशावर बनतं. शिवाय हाताशी नैसर्गिक वायू होता. आपल्याकडे एकूण ऊर्जेत वायूचा वाटा जेमतेम सहा टक्के, आणि खनिज तेल ८५ टक्क्यांहून जास्त आयात. आपल्या जमिनीत आहे तो कोळसाच.

ट्रेंटकाठी

मुद्दा मान्य आहे. इथे पवनऊर्जा आली ती जुन्या कोळशाच्या जागेवर बसली. भारतात सौर आली की आधी नवी मागणी तिला गिळते आणि जुना कोळसा जागचा हलत नाही. निशिगंध, तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर बहुतेक इथे आहे.

घाटमाथा

मग अणुऊर्जा का नाही? रात्रीही चालते, कार्बन नाही. तारापूर १९६९ पासून चालू आहे. आशियातल्या पहिल्या काही अणुकेंद्रांपैकी, तेही आपल्या पालघर जिल्ह्यात. आणि आज देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्के! २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं लक्ष्य जाहीर झालंय, पण बावीस वर्षं कोण थांबणार.

कोकणकडा

जैतापूरच्या अणुप्रकल्पावरून इथे आधीच तीन धागे पेटून गेले आहेत, चौथा नको. :) त्यापेक्षा पाण्याबद्दल बोला. संध्याकाळची अडचण आहे ना? मग कोयना आहे की.

पन्नास_हर्ट्झ

कोयना माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, थोडं लांबेल.

कोयनेचे जवळपास १,९६० मेगावॅट आहेत आणि झडप उघडली की काही मिनिटांत वीज. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटं दिवे मालवले ते आठवतंय? मागणी ३१ गिगावॅटने खाली आली आणि लगेच परत वर गेली. वारंवारता, म्हणजे मागणी-पुरवठ्याचा तोल दाखवणारा ग्रिडचा ठोका, सांभाळली ती प्रामुख्याने देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी. कोळशाला ते जमलं नसतं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण घरी बसून दर मिनिटाला वारंवारतेचा आकडा बघत होतो. जुन्या सहकाऱ्यांनी ज्या हाताने ती रात्र सांभाळली त्याचा मला आजही अभिमान आहे.

पण कोयनेतून पश्चिमेला विजेसाठी किती पाणी सोडायचं याला कृष्णा पाणीवाटप लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा आहे. ते पाणी कृष्णेच्या खोऱ्यालाही हवं असतं. त्यामुळे जपून, संध्याकाळपुरतं वापरायचं. यावर उपाय म्हणजे उदंचन. दुपारच्या फुकट जाणाऱ्या सौर विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची, तेच पाणी पुन्हा पुन्हा. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे. सह्याद्रीची उभी धार या कामासाठी जणू बनलेली आहे. एका अंगाला पठार, दुसऱ्या अंगाला थेट कोकण. बॅटऱ्या येतीलच, पण डोंगरही वापरायला हवेत.

राखेचं_गाव

सर, डोंगर वापरताना वरचं आणि खालचं तळं कुणाच्या गावात येतं तेही बघा. आमच्या गावाला कधी कुणी विचारलं नव्हतं.

पन्नास_हर्ट्झ

खरं आहे. आमच्या नकाशावर गावांची नावं नसायची, फक्त उपकेंद्रं असायची. हे मी लक्षात ठेवीन.

निशिगंध

सगळ्यांचे आभार, वही भरली. पण मूळ प्रश्नावर परत येते. मुलगी विचारते, "मग गाड्या कधी कमी होणार? की वाढतच राहणार?" हो की नाही, तिला एवढंच हवंय.

गणिताची_वही

तिला २०२५ सालचं सांगा. मे महिन्यातच पाऊस आला होता, आठवतं? २६ मे ला मुंबईत मान्सून. उन्हाळा सौम्य गेला, एसी कमी चालले, मागणी फारशी वाढली नाही आणि नवे सौर प्रकल्प जोरात येत होते. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत कोळशावरची निर्मिती आदल्या वर्षापेक्षा *कमी* झाली. म्हणजे नवी स्वच्छ वीज मागणीच्या वाढीपेक्षा जास्त आली, की गाड्या कमी होतात. तेव्हा पावसाने मदत केली. पावसाशिवाय ते व्हायला लागलं की समजायचं, उतार लागला.

निशिगंध

हे तिला लगेच कळलं. "म्हणजे शर्यत आहे," म्हणाली.

*(आठ दिवसांनी)*

एक सांगायचं राहिलं. आमच्या सोसायटीची पाण्याची मोटार रोज संध्याकाळी सातला दोन तास चालते, ५ एचपीची. बांधावरून दादांचं वाचून मुलीने सभेत विचारलं, आपली मोटार दुपारी बाराला का नाही लावत? चेअरमनकाकांनी आधी नको म्हटलं, मग महिनाभर करून बघू म्हणाले. दिवसाला साडेसात युनिट संध्याकाळकडून दुपारकडे गेले. अडचण एकच, संध्याकाळी आठनंतर वरच्या मजल्यांचं पाणी जातं. काय करावं?

बांधावरून

वरची टाकी किती लिटरची आहे ताई? आणि फ्लोट आहे का नुसती माणसाच्या भरवशावर मोटार बंद होते? टाकी लहान असेल तर दुपारी दीड तास आणि चारला अर्धा तास, असे दोन हप्ते करून बघा. आम्ही शेततळ्याला तसंच करतो.

निशिगंध

दहा हजार लिटर. फ्लोट बिघडलाय. उद्या माणूस बोलावते.